मामा रेहेमाचं नाव

नंदनवन, रविवार संध्याकाळ

मी टांझानियात स्वयंसेवक होते तेव्हाचे फोटो आज आईला मोबाइलवर दाखवले. चुलीपुढे हसणाऱ्या एका बाईचा फोटो आला.

"ही मामा रेहेमा. हिच्याच घरी राहायचे मी."

"बाईले मामा काहून म्हणतेस वं?"

"तिकडे मामा म्हणजे आई. रेहेमाची आई."

आई चुलीपुढच्या त्या बाईकडे बघतच राहिली. "मलेही सारे प्राचीची आईच म्हणतात. हिचं सोताचं नाव काय?"

मला माहीतच नाही! इतके फोटो काढले, आणि हे कसं विचारलं नाही मी?

मग आईने मोबाइल तोंडाजवळ नेला आणि त्या बाईला मोठ्याने सांगितलं, "मी सुशीला."

आईच्या तोंडून हे नाव मी आज पहिल्यांदा ऐकलं.