तक्रारपेटीपर्यंत तीस पावले

४ मार्च
उजवा गुडघा बदलला. मी अजिबात ओरडलो नाही. सौ. कालिंदी म्हणते, ओरडलात. तीस वर्षे मराठवाड्यातल्या शाळा तपासल्या. उस्मानपुऱ्यातले हे हॉस्पिटल काय चीज आहे! तसे तीन नर्सना सांगूनही ठेवले.

५ मार्च
'रुग्ण समाधान फॉर्म' मिळाला. हात शिवशिवले. फिजिओ म्हणाला, आज चार पावले चाला. मी म्हणालो, उद्या वीस. शेजारच्या खाटेवर चितेगावचा कडूबा. त्याचाही गुडघा कालचाच. तो दारापर्यंत जाऊन आला. उथळ माणूस.

६ मार्च, सकाळी ७
पॉट देताना वॉर्डातली मावशी द्वारकाबाई मोठ्यांदा म्हणाली, साहेब, शाळा लई तपासल्या, आता सोताचा पाय बी हलवून बघा की. कडूबा हसला. हिची तक्रार निश्चित.

दुपारी
कडूबाकडून कळले, बाई कंत्राटावर आहे. दोन तक्रारी झाल्यात. तिसरी पेटीत पडली की घरी बसवतात. मी म्हणालो, नियम उत्तम आहे.

७ मार्च
शेरा तयार. 'द्वारकाबाई. वर्तन उद्धट. सेवेत ठेवू नये.' अक्षर सुरेख आले. पेटी कॉरिडॉरच्या टोकाला, तीस पावलांवर. फॉर्म कालिंदीकडे दिला. वाचून परत दिला. म्हणाली, ज्याचा शेरा त्यानेच टाकावा. तत्त्वतः बरोबर. उद्या स्वतः जाणार.

८ मार्च
वॉकर घेऊन निघालो. अकराव्या पावलाला थांबलो. थकलो नव्हतो, पाहणी करत होतो. पाय थरथरले ते फरशीमुळे. द्वारकाबाई धावत आली, कमरेला धरले. कुठं निघाले न सांगता? म्हणालो, व्यायाम. ती म्हणाली, आत्ता कसं! रोज मला हाक मारायची. फॉर्म खिशातच.

९ मार्च
अठरा. ती मोठ्याने मोजते, सगळा वॉर्ड ऐकतो. चक्कर येते म्हणालो तर म्हणे, नाटकं नाय चालायची, माझ्या सासऱ्याला अख्खं शेंद्रा हिंडवलंय म्या. 'उद्धट'खाली रेघ ओढली. फिजिओ खूश. तीस झाली की घरी सोडणार.

१० मार्च
तीस! हात पेटीवर टेकला. टाळ्या वाजल्या, माझ्या जिद्दीला. द्वारकाबाईने पदराने माझा घाम पुसला. मग म्हणाली, खिशातला कागुद टाकायचाय व्हय? द्या, मीच टाकते. हात पुढे केला.
म्हणालो, औषधांची चिठ्ठी आहे.
पेटी फार उंचावर बसवली आहे. वृद्धांनी टाकायचे कसे? वरिष्ठांना लिहिले पाहिजे. परतलो.

११ मार्च
डिस्चार्ज. फॉर्म धुवायच्या कपड्यांत गेला असावा, शोधला नाही. उद्यापासून रोज शंभर पावले, कुणाच्याही मदतीशिवाय.

सायंकाळी ५
दिवाणखान्यात सुरुवात केली. मोजायला कोणी नव्हते. चौथ्याला बसलो.