गुहेतून तूच बोलत होतीस

माय, तुला वाचता येत नव्हतं, म्हणूनच हे लिहायला धीर होतो. अमरावतीच्या व्यापाऱ्याचं ते आवार मला अजून दिसतं. दूर कुठल्या मुलखात लढाई पेटली होती आणि आपल्या कापसाला अचानक सोन्याचा भाव आला होता. तुम्ही बाया उजाडल्यापासून चरख्या फिरवून सरकी काढत बसायच्या. दुपारी हात जड झाले की कोणीतरी म्हणायचं, "सांग वं आता, पुढं काय झालं." हुंकार द्यायचं काम माझं. हुंकार थांबला की गोष्ट थांबणार, हा तुझा नियम. त्यामुळे एवढीशी असूनही त्या आवारात माझा रुबाब मोठा होता.

राजपुत्राची गोष्ट कोणालाही येते. पण 'एक राजपुत्र होता' असं तू कधी म्हणाली नाहीस. कपाळावर कुंकू, डोक्यावर पदर, आणि बेधडक सुरुवात, "मी मेळघाटच्या रानात घुसलो." पहिल्या दिवशी बाया हसल्या. दुसऱ्या दिवशी त्याच बाया राक्षसाच्या भीतीने एकमेकींना चिकटून बसल्या. मग एकदा चरखीत तुझा अंगठा सापडला, तर दुपारी राजपुत्राचाही अंगठा राक्षसाने चावला. चिंधी खरी, रक्त खरं, मग राक्षस खोटा कसा म्हणायचा? शेजारची म्हातारी रोज आल्या आल्या विचारायची, "दात लय खोल रुतला काय वं?" हळदही तिनेच आणून दिली. ती तुझ्यासाठी होती की राजपुत्रासाठी, देव जाणे.

पुढे परतवाड्याकडचा एक कथेकरी आवारात आला होता. आवाज खणखणीत, हातवारे झोकदार. त्याचा राजपुत्र आगीतून गेला, समुद्रात बुडाला, पण बायांच्या चरख्या काही थांबल्या नाहीत. तो गेल्यावर म्हातारी म्हणाली, "बुडाला त बुडू दे. तो त्याचा राजपुत्र. आपला कुठी हाय, ते सांग." तू नुसती हसलीस. मला त्या दिवशी तुझा इतका अभिमान वाटला की मी घरापर्यंत मिरवत आले.

आणि मग तुला ताप आला. राजपुत्र गुहेत अडकला होता, दारावर शिळा होती. मी तुझ्या अंथरुणाशी बसून रोज गोष्ट मागत होते. तो बाहेर आला की तूही उठशील, असं मी मनाशी ठरवून टाकलं होतं. कोणाला सांगितलं नव्हतं, पण तुला ते कळलं असावं. एका सकाळी तू म्हणालीस, "मंग शिळा सरकली. तो बाहेर आला. त्याले घोडा भेटला."

मी हुंकार थांबवला. "तो काहून म्हणतेस? मी म्हण."

"मी थकली आता, बाई. त्याले जाऊ दे. तो जित्ता राह्यला पायजे."

मी रागाने तोंड फिरवलं. तू मात्र आपलाच नियम मोडून, हुंकाराशिवाय, गोष्ट शेवटापर्यंत नेलीस. त्याच आठवड्यात तू गेलीस. त्याला तू आपल्या अंगातून सोडवून घोड्यावर बसवलंस, नाहीतर माझ्यासाठी तोही तुझ्याबरोबरच गेला असता. एवढी अक्कल तुला कुठून आली, माय? मला हे कळायला अर्धं आयुष्य लागलं.

आता मी अकोल्याला असते. नात हुंकार देते आणि मी 'मी रानात घुसलो' म्हणते. काल गुहेपाशी आले आणि मला खोकल्याची उबळ आली, थांबेचना. पोरीचा हुंकार थांबला, ती माझ्याकडे टक लावून बघत राहिली. गुहेत धूर झाला होता, असं मी तिला सांगितलं. महिना झाला, हा खोकला जात नाही. 'तो' म्हणायची वेळ आली आहे, हे मला कळतं. पण ती तशी बघते ना, माय, तेव्हा अजून एक दिवस 'मी'च म्हणते.