भट्टीपाशी बाईमाणूस

दार-ए-सलाम,
८ जून १९८६

तीर्थस्वरूप कोकुबेल्वा आत्याबाईंच्या सेवेसी,
केमिलेम्बेचे शि. सा. न. वि. वि.

आपले पत्र आणि कॉफीच्या बियांची पुरचुंडी पावली. मी प्रयोगशाळेशिवाय पदार्थविज्ञान शिकवते, असे आपण पाहुण्यांना सांगता म्हणून कळले. आत्याबाई, ते तसे नाही. माणसांना जे कळले ते त्यांना कसे कळत गेले, आणि ‘मला कळले’ असे म्हणण्याचा हक्क केव्हा प्राप्त होतो, हा माझा विषय. विज्ञानाचा इतिहास आणि त्याचे तत्त्वज्ञान. या विषयाचे पहिले प्राध्यापकपद विद्यापीठ ऑक्टोबरात देणार असून, उमेदवारांत आपली भाची आहे.

माझ्या पुस्तकाचा कणा म्हणजे आपल्याकडच्या जुन्या लोखंडाच्या भट्ट्यांवरचे प्रकरण. मातीच्या लांब नळ्या भट्टीत खोलवर खुपसल्यामुळे भात्याची हवा आत पोचेपर्यंत तापत असे आणि म्हणून लोखंड उत्तम निघे, असे माझे प्रतिपादन आहे. ते मी उकरून काढलेल्या खापरांवरून मांडले. निवड समितीला मात्र पेटत्या भट्टीचा दाखला हवा. आपल्या गावचे वडीलधारे, म्झे इशेंगोमा, आणि त्यांचे सोबती कित्येक वर्षांनी पुन्हा भट्टी लावायला तयार झाले आहेत, पण मला तिथे यायला त्यांची सक्त मनाई आहे. भट्टी ही नवरी. तिच्यापाशी राबणाऱ्यांनी तेवढे दिवस घरी बायकोकडे जायचे नाही आणि कोणा बाईची सावलीही तिथे पडू द्यायची नाही. मी डॉक्टरेटचा उल्लेख करून पाहिला. ते म्हणाले की भट्टीला वाचता येत नाही.

एवढी सवलत मात्र त्यांनी दिली की जिचे मुले होण्याचे वय सरले, तिला भट्टी बाई समजत नाही. मी कोणाचा विचार करते आहे, हे आपल्या ध्यानी आलेच असेल.

कळावे. रागावून झाल्यावर उरेल तेवढी माया पाठवावी, ही विनंती.

आपली,
केमिलेम्बे


बुकोबा,
२२ जून १९८६

चि. केमिलेम्बे हीस, अ. उ. आ.

तुझ्या पत्रात दोन वाक्ये क्रियापदावाचून लोंबकळत होती. मुख्याध्यापिकेच्या भाचीला हे शोभत नाही.

मी बाईमाणसांत मोडत नाही, हे कळवताना निदान एक कोंबडी तरी सोबत यायला हवी होती. इशेंगोमा स्वतः येऊन गेला. शाळेत असताना गणितात माझ्यामागे पडणारा हा मनुष्य माझ्या ओसरीवर कॉफीच्या बिया चघळत बसला आणि माझी पात्रता इतक्या आडवळणाने सांगू लागला, की ऊन कलले तरी मुद्द्यावर येईना. शेवटी मीच सांगितले की बाबा, मी म्हातारी झाले आहे असे म्हण आणि मोकळा हो. तेव्हा कुठे त्याने घोटभर पाणी घेतले.

मी जाईन, पण जे दिसेल तेच लिहीन. तुला काय दिसायला हवे आहे, ते मला कळवू नकोस. लहानपणापासून तुला उत्तर आधी आणि रीत मागून सुचते.

कळावे. स्पष्ट बोलण्याला प्रेमच समजत जावे.

तुझी आत्या,
कोकुबेल्वा


बुकोबा,
१७ ऑगस्ट १९८६

चि. केमिलेम्बे हीस, अ. उ. आ.

पहिली भट्टी फसली. आत काळ्या, राखट ढेपांपलीकडे काही नव्हते. लगोलग चौकशी सुरू झाली की नियम कोणी मोडला. संशय भातेवाल्या र्वेगासिरावर, कारण त्याची बायको उकडलेली केळी घेऊन भट्टीभोवतीच्या कुडापर्यंत आलेली सगळ्यांनी पाहिली होती. ती फक्त भांडायला आली होती, असे तो शपथेवर सांगत राहिला. तिचा आवाज ऐकलेल्यांना ते पटलेही. मग कोणी म्हणाले की माती ओली होती. निर्णय कसा करता, असे मी विचारले. इशेंगोमा म्हणाला की लोखंड आले तर कोणी काही विचारत नाही, आणि नाही आले तर माणूस शोधावा लागतो.

दुसऱ्या भट्टीतून लोखंड निघाले. म्हातारे नाचले. मी नाचले असे इशेंगोमा सांगत फिरतो आहे. पुराव्यावाचून विश्वास ठेवू नकोस.

आता तुझ्या नळ्यांविषयी. सकाळी त्या भट्टीत हातभर आत होत्या. दुपारी तुंबलेली एक नळी बाहेर ओढली, तर तिचे आतले टोक वितळून गेले होते. भिंतीच्या जाडीइतकीच काय ती उरली होती. मग मी बाकीच्याही दाखवायला लावल्या. सगळ्यांची तीच गत. लोखंड धरू लागले ते यानंतर. इशेंगोमाला यात नवल वाटले नाही. नळ्या भट्टीने खायच्याच असतात, असे तो म्हणाला. म्हणजे हवा तापायला जी लांब वाट तू धरली आहेस, ती लोखंड होताना उरलेलीच नव्हती.

चर्चमध्ये, गायनवृंदात, कॉफी सोसायटीत, सर्वत्र मी सांगून बसले आहे की माझ्या भावाची मुलगी प्राध्यापक होणार. हे पत्र पाठवले तर काय होईल, हे मला समजते. पाठवले नसते, तर तिथे बसण्याची माझी पात्रता केवळ वयाची ठरली असती.

कळावे. राग येईल, तो आला तरी पत्र यावे.

तुझी आत्या,
कोकुबेल्वा


दार-ए-सलाम,
२ नोव्हेंबर १९८६

तीर्थस्वरूप आत्याबाईंच्या सेवेसी,
केमिलेम्बेचे शि. सा. न. वि. वि.

राग आला, म्हणून उत्तर लांबले. क्षमा असावी.

आमच्या विभागप्रमुखांना आपले पत्र दाखवले. एका निवृत्त मुख्याध्यापिकेने काय पाहिले तो काही पुरावा नव्हे, असे त्यांचे मत पडले. माती ओली असेल, नळ्या कच्च्या भाजल्या असतील. पत्र बाजूला ठेवावे आणि प्रकरण आहे तसे जाऊ द्यावे. मी जवळजवळ मान डोलावली होती. तेवढ्यात कुडाशी केळी घेऊन उभी असलेली ती बाई डोळ्यांपुढे आली. आमचा सिद्धान्त फसला की आम्हीही माणूसच शोधू लागतो. या वेळी तो माणूस आपण होता.

समितीपुढच्या व्याख्यानात मी आपले पत्र वाचून दाखवले आणि माझे प्रतिपादन कुठे कोसळते ते फळ्यावर मांडले. उत्तर आधी आणि रीत मागून, हे आपले जुने वाक्यही सांगितले. हशा त्यालाच पिकला.

पद मिळाले नाही, गेलेही नाही. निर्णय वर्षभर पुढे ढकलला आहे. प्रकरण नव्याने लिहावे, पण निरीक्षण लेखिकेच्या स्वतःच्या डोळ्यांचे हवे, अशी अट आहे. म्हणजे भट्टी मला चालवून घेईपर्यंत थांबणे आले. पात्रता वाढावी म्हणून म्हातारपणाची वाट पाहणारी या विद्यापीठात मी एकटीच असेन.

कळावे. चर्चमध्ये काय सांगायचे ते आपण ठरवावे. आशीर्वाद मात्र वर्षभर पुढे ढकलू नयेत.

आपली,
केमिलेम्बे


बुकोबा,
३० नोव्हेंबर १९८६

चि. केमिलेम्बे हीस, अ. उ. आ.

सोबत ‘सेनेने’, म्हणजे आपले तळलेले टोळ, पाठवते आहे. यंदा ते भरपूर उतरले. विभागप्रमुखांना देऊ नयेत.

चर्चमध्ये मी सांगितले की माझ्या भाचीने स्वतःची चूक स्वतः काढून दाखवली, आणि असे करणारा प्राध्यापक आधी दाखवा, मग बोला.

नंतर टोळांचा एक वाडगा घेऊन इशेंगोमाकडे गेले. त्याला विचारले की मुले होण्याच्या वयाची बाई पेटत्या भट्टीपाशी कधी उभी राहिली आहे का. कधीच नाही, म्हणाला. मग तिच्याने लोखंड बिघडते हे कशावरून? तो म्हणाला की बाई नसते, म्हणून लोखंड येते. पहिल्या भट्टीलाही बाई कुडाबाहेरच होती, तरी लोखंड आले नाही, याची मी आठवण करून दिली. त्याने निम्मा वाडगा संपवला आणि सोबत्यांना बोलावून घेतले.

पुष्कळ आरडाओरडा झाला. तुझ्या बाजूने सर्वांत हिरिरीने बोलला तो र्वेगासिरा. भट्टी फसल्याचा बोल तिच्यावर आला हे त्याच्या बायकोला कळल्यापासून त्याला घरी धड जेवण मिळालेले नाही.

ठरले ते असे. येत्या जूनमध्ये तू यायचे आणि कुडाच्या आत, सर्वांना दिसेल असे उभे राहायचे. लोखंड आले तर म्हातारे नियमाचा फेरविचार करतील. नाही आले, तर केमिलेम्बेने लोखंड बिघडवले, असे पूर्ण नाव व पदवीनिशी तुझ्या पुस्तकात छापायचे.

एका फसलेल्या भट्टीने काही सिद्ध होत नाही, माती ओली असू शकते, असे मी बजावले. त्यावर इशेंगोमाने शांतपणे विचारले की हे मी र्वेगासिराच्या वेळी का बोलले नाही. गणितात पहिल्यांदाच तो माझ्यापुढे गेला. तेव्हा तुझ्या वतीने मी शब्द देऊन आले आहे.

कळावे. लोखंड आले तर लोभ वाढेल. न आले तर आहे तेवढा राहील.

तुझी आत्या,
कोकुबेल्वा