दीड सेंटिमीटर जास्त

आई, तुझं जहाज आलं. परवा दुपारी कुरियरने आलं. कुरियरवाल्याने खोका कानाशी हलवून बघितला आणि म्हणाला, "आंटीजी, इसमें कुछ है भी? बड़ा हल्का है." मी म्हटलं, "पूरा जहाज है भैया, ज़रा धीरे." मग त्याने माझ्याकडे असं बघितलं, तुझ्याकडे लोक बघायचे ना, अगदी तसं. खोका जेवणाच्या टेबलावर आहे, उघडलाय, पण किटच्या प्लॅस्टिकच्या फ्रेममधला एकही भाग मी अजून कापून सुटा केलेला नाही. शेजारी तू हाताने केलेलं जहाज, माळ्यावरून काढलेलं, तुझ्याच जुन्या साडीत गुंडाळलेलं. जहाजाच्या मागच्या टोकाला हेलिकॉप्टर उतरायची जी सपाट जागा असते, त्या डेकवरून आपला वाद झाला होता. तू केलेला डेक दीड सेंटिमीटर जास्त झालाय, असं मी म्हणाले आणि त्यानंतर तू त्या जहाजाला हात लावला नाहीस. त्या वादाचा निकाल आता या खोक्यात आहे. दोन दिवस मी पट्टी घेऊन बसते आणि उगाच उठते.

ग्वाल्हेरात बसून लढाऊ जहाजं करणारी बाई म्हणजे शिंदे की छावनीत तेव्हा एक गंमतच होती. इथून समुद्र कुठल्याही दिशेला गेलं तरी लांबच. तू उभी हयात पाटबंधारे खात्यात ट्रेसर होतीस, धरणांचे आणि कालव्यांचे नकाशे शाईने उतरवून काढायचीस, पण पाण्याशी तुझा संबंध कागदावरचाच. रिटायर झालीस त्या वर्षी तुझा भाचा नौदलातून सुट्टीवर आला आणि त्याने तुला परदेशी विनाशिकेचं प्लॅस्टिकचं किट दिलं. आपल्या माणसांनी पिढ्यान्‌पिढ्या घोडी दामटली, पाण्यात जाणारा हा पहिलाच, म्हणून तुला त्याचं कोण कौतुक. त्याला वाटलं होतं, आत्या ते किट कपाटात ठेवून देईल. तू पोळपाट उलटा केलास, चष्मा पुसलास आणि तीन आठवड्यांत जहाज उभं केलंस. मग स्वयंपाकघर काही आपलं राहिलं नाही. मिसळणाच्या डब्यात जिऱ्याशेजारी तोफा, पापडाच्या कागदावर वाळत घातलेले रडार. एकदा ह्यांच्या आमटीत नांगर निघाला. बिचारे जावई माणूस. नांगर धुऊन ताटाच्या कडेला ठेवला आणि भात मागितला.

पण तुझं मन अडकलं होतं ते भाचा ज्यावर नोकरीला होता त्या जहाजात. ते आपलं, इथे बांधलेलं, आणि त्याचं किट जगात कुणीच काढत नव्हतं. दर डिसेंबरात इंटरनेटवरच्या त्या मॉडेलवाल्यांच्या अड्ड्यावर यादी निघायची, येत्या वर्षी कुठलं किट यावंसं वाटतं त्याची. तू मराठीत सांगायचीस, मी इंग्रजीत टाइप करायचे. "लिही, साडेतीनशेचं स्केल हवं. सातशेचं नको, त्यात सगळं निम्म्याने लहान, म्हाताऱ्या माणसांना दिसत नाही. लिही, हेलिकॉप्टर सोबत द्या. आणि नम्र विनंती असं लिहिलंस का?" खाली पोलंडचा एक गृहस्थ दर वर्षी लिहायचा की हे आलं तर मीही एक घेईन. तू त्याचं नाव पोलंडवाले भाऊजी ठेवलं होतंस. संक्रांतीला त्यांना तिळगूळ पाठवता येईल का, असं खरोखर विचारलं होतंस. किट मात्र आलं नाही.

शेवटी तू म्हणालीस, वाट बघून माझे हात थरथरायला लागतील, मीच करते. पाटणकर बाजारातल्या पाट्या रंगवणाऱ्याकडून प्लॅस्टिकचे पत्रे आणलेस. जहाजाची एकूण लांबी छापलेली सापडली, पण कुठली गोष्ट कुठे बसते ते कोण सांगणार? तुझ्याकडे भाच्याने पाठवलेला एकच मोठा फोटो होता, समोरून, जरा तिरपा घेतलेला. पांढऱ्या वर्दीतले खलाशी कठड्याशी ओळीने उभे, पुढच्या टोकापासून मागच्या टोकापर्यंत. तू त्याला फोन करून एकच विचारलंस, तुम्ही उभे कसे राहता? तो म्हणाला, आत्या, दोघांत एक हात सोडून, सगळीकडे सारखं. झालं. रविवारी सकाळी तू मला, ह्यांना आणि शेजारच्या मावशींना गच्चीवर हात पसरून उभं केलंस आणि टेपने मापं घेतलीस. मावशी विचारत होत्या, "ये कौन सा योगा है?" मग भिंग घेऊन तू फोटोतले खलाशी मोजायला बसलीस. तोफेपाशी इतकावा, चिमणीपाशी इतकावा. माणसं मोजून तू जहाज आखलंस, आणि आजही मला त्याचा इतका अभिमान वाटतो की वर्गात सांगताना माझा आवाज बदलतो.

तेव्हा मात्र मी पडले गणिताची बाई. शाळेतून येऊन मी त्या फोटोवर पट्टी ठेवली, भागाकार केला आणि म्हणाले, आई, हेलिकॉप्टरचा डेक दीड सेंटिमीटर जास्त झालाय, याच्यावर दोन हेलिकॉप्टरं उतरतील. तू म्हणालीस, "अगं, लांबचं लहान दिसतं. म्हणून तर मी माणसं मोजली." मी ऐकलं नाही. कागद काढला, गुणोत्तर मांडलं, खाली दोन रेघा ओढल्या. तू तो कागद बराच वेळ बघितलास. तुझ्याकडे आकडे नव्हते, नुसता हात होता, आणि कागदावर शाईत लिहिलेलं खरं मानायची तुझी नोकरीपासूनची सवय. तू इतकंच म्हणालीस, "शाळेतून आलीस की चप्पल दाराबाहेर काढतेस ना? मास्तरीणपण तिथंच काढत जा." आणि जहाज साडीत गुंडाळलंस. म्हणालीस, "आता किट आल्यावरच बघू कोणाचं बरोबर ते."

पुढचे दोन डिसेंबर तू नुसती यादी सांगितलीस. तिसऱ्या डिसेंबरात तू दवाखान्यात होतीस. उशाशी बसले की विचारायचीस, "आलं का गं?" मी म्हणायचे, नाही आलं अजून. तू म्हणायचीस, येईल. महिनाभराने तू गेलीस.

यादी मी सोडली नाही. आता सगळं फोनवर असतं आणि इथे ग्वाल्हेरातही असे मॉडेलवाले आम्ही सहाजण आहोत, महिन्यातून एका रविवारी पडाव भागातल्या एका हॉटेलात चहाला भेटतो. एक दातांचे डॉक्टर आहेत, त्यांना पाणबुडी हवी. "दीदी, इस साल तो सबमरीन पक्की," असं ते गेली पाच वर्षं म्हणतायत. एकाला विमानवाहू जहाज हवं, घरात ठेवायला जागा नाही तरी. कुठली कंपनी काय काढणार याचे आम्ही तर्क लढवतो, भांडतो, आणि दर वर्षी मी तेच एक जहाज लिहिते. सगळे चिडवतात, दीदी का जहाज. परवा ते आलं तेव्हा पहिला फोन डॉक्टरांचा आला. आणि हो, पोलंडवाले भाऊजी आहेत अजून. त्यांनी लिहिलंय की मी म्हटलं होतं तसं एक घेतलं, आईंना सांगा.

इथवर काल रात्री लिहिलं. आज सकाळी पूजा झाल्यावर मी जहाजावरची साडी सोडली. किटमधला डेक फ्रेममधून कापला, कडा घासली आणि तुझ्या डेकवर ठेवला. पट्टी लागलीच नाही. कडेला कड बसली, मागे आणि पुढेही. मी नखाने चाचपून बघितलं. आई, तुझं बरोबर होतं.

तुझा डेक अजून चिकटवलेला नाही, नुसता वर ठेवलेला आहे. जहाज मी तुझंच पुरं करणार. रडार आणि हेलिकॉप्टर किटमधून घेईन, डेक तुझाच राहील. तो चिकटवायच्या आधी हे कागद घडी करून आत पोटात ठेवीन. पण ठेवण्याआधी एक लिहायचं राहिलंय.

मला हे आज कळलेलं नाही. वाद झाला त्याच्या चौथ्या दिवशी शाळेत प्रार्थनेला मुली मैदानात उभ्या होत्या, दोघींत एक हात सोडून, आणि मी रांगेच्या तोंडाशी होते. शेवटच्या मुली एकमेकींना चिकटल्यासारख्या दिसत होत्या. सगळ्यांत अंतर सारखंच, मीच पीटीच्या सरांबरोबर आखून दिलेलं. माझी पट्टी फसली होती हे मला तिथल्या तिथे कळलं. म्हटलं, घरी गेल्यावर सांगू. मग म्हटलं, किट येईल तेव्हा आपोआप कळेल. लोकांना वाटतं मी इतकी वर्षं तुझ्या मायेपोटी यादी लिहिली. माया होतीच गं. पण मला लाज वाटत होती, आणि माझ्याऐवजी ते खोक्याने सांगावं असं वाटत होतं. त्या दिवशी घरी आले तेव्हा तू पोळ्या करत होतीस. माझ्याकडे बघून विचारलंस, "काय झालं? गप्प का आज?" मी म्हणाले, "काही नाही. पोळी वाढ."