मी हे करू का?

१२ ऑगस्ट २००४

पाठवली एकदाची! बिटको चौकाजवळच्या धनराजच्या इंटरनेट कॅफेत बसून तीन ओळींची मेल लिहायला अख्खा तास घातला. तो म्हणतो, "ताई, स्थळाला पत्र लिहिताय का?" आगाऊ!

स्थळ नाही, हेरॉन. पत्रं-अर्ज टाइप करायचा फुकट प्रोग्राम. जगभरची माणसं मिळून बनवतात. आतलं सगळं उघडं, ज्याला जे चुकलेलं दिसेल त्यानं ते दुरुस्त करायचं. हे मला माझ्या मैत्रिणीनं, ज्योत्स्नानं, पुण्याहून सांगितलं. ती म्हणते, तिथे डिग्री कुणी विचारत नाही. आपलं काम त्यांनी घेतलं की बनवणाऱ्यांच्या यादीत नाव लागतं, आणि ते नाव कंपन्यांना दाखवता येतं. माझ्याकडे दाखवायला दुसरं आहे काय? बाहेरून दिलेल्या परीक्षा, आणि बंद पडलेल्या कॉम्प्युटर क्लासमध्ये पोरांना टायपिंग शिकवल्याचा अनुभव. दारात तरी कोण उभं करणार!

हेरॉनमधून प्रिंट काढली की पानाची शेवटची ओळ अर्धी कापली जाते. कुठे चुकतंय ते मला सापडलंय! क्लासच्या सरांनी जाताना दिलेल्या जुन्या मशीनवर बदल करून पाहिला, ओळ पूर्ण येते. म्हणून तिथल्या प्रमुखाला, म्हणजे नॉर्वेच्या कुणा हेन्रिकला, विचारलं— आदरणीय सर, मी हे करू का?

यादीत नाव लागलं की नोकरीसाठी पुण्याला जायचा विषय दादाजवळ काढायचा. त्याआधी नाही.

१६ ऑगस्ट

उत्तर नाही.

२१ ऑगस्ट

नाहीच. पुन्हा लिहावं का? पण मागे लागल्यासारखं दिसेल. क्लासमध्ये सर 'हं' म्हणेपर्यंत माउसला हात लावायचा नाही, हे पोरांना मीच बजावायचे. मग मीच आता आगाऊपणा कसा करू? माणूस मोठा आहे, कामात असेल. थांबू.

दुरुस्ती फ्लॉपीवर तयार आहे. रोज पर्समध्ये टाकून कॅफेत नेते आणि तशीच परत आणते.

३० ऑगस्ट

दादा लासलगावला जाऊन आला. तिथे कांद्याचे व्यापारी आहेत, रंगनाथशेठ, त्यांच्या पेढीवर नवीन कॉम्प्युटर आलाय. त्यावर दिवसभर पावत्या टाकायला माणूस हवंय. शेठ म्हणाले म्हणे, "लय सोप्पं काम हाय, पोरगी इमानदार पाहिजे." दसरा झाला की सोमवारी हजर व्हायचं.

आईनं देवापुढे साखर ठेवली. उज्ज्वलावहिनी म्हणाली, सकाळच्या गाडीनं जायचं, दिवेलागणीला घरी, किती बरं! मी मान हलवली. दादा वाईट नाही. बाबा गेल्यावर स्वतःचं शिक्षण सोडून त्यानं मला शिकवलं. म्हणूनच त्याच्यापुढे जीभ रेटत नाही. वाईट असता तर भांडले तरी असते.

९ सप्टेंबर

दुसऱ्यानंच केलं!

हेरॉनच्या साइटवर सगळ्यांच्या मेल दिसतात, तिथे वाचलं. कुणी ब्राझीलचा आहे. परवा त्याला ती कापलेली ओळ दिसली आणि काल त्यानं दुरुस्ती पाठवूनही दिली. विचारलंसुद्धा नाही! हेन्रिकनं दोन शब्दांत आभार मानले आणि घेतली. तीच जागा, तोच बदल, अक्षरशः माझाच. आणि त्याच्या खाली माझी 'आदरणीय सर' तशीच पडलेली.

घरी चालत आले. न्हाणीघरात नळ सोडून रडले. वहिनी बाहेरून ओरडली, टाकी रिकामी होईल!

११ सप्टेंबर

धीर करून हेन्रिकला लिहिलं, मी आधी विचारलं होतं, मला का नाही सांगितलंत? आज उत्तर आलं. चक्क आलं! "तू प्रश्न पाठवलास, त्यानं काम पाठवलं. इथे परवानगी देणारं कुणी नाही. मीसुद्धा नाही."

रागावला असता तर बरं वाटलं असतं. त्यानं आपलं साधं सांगितलं, आणि तेच जास्त लागलं.

ज्योत्स्नाला फोन केला तर ती हसायलाच लागली. हसू दे. तिच्या घरी असेल तशी पद्धत. आमच्याकडे साधं मैत्रिणीकडे जायचं तरी आधी आईला, मग आईनं दादाला. परवानगी देणारं कुणी नाही अशी जागा मी कधी पाहिली होती?

२५ सप्टेंबर

या वेळी विचारलं नाही. दुसरी चूक शोधली. दोन प्रती मागितल्या की तीन निघतात. ती दुरुस्त केली आणि सरळ मेलमध्ये चिकटवून पाठवली. स्वतःवर खूश होते.

उत्तर— ओळी मध्येच तुटल्यात, हे वापरता येत नाही. मेलनंच तोडल्या सगळ्या. मला काय माहीत!

२९ सप्टेंबर

गणपतीचे ढोल काल थांबले, आज डोकं जाग्यावर आलं. फाइल जोडून पुन्हा पाठवली. उत्तर आलं, तुझ्याकडची प्रत जुनी आहे, तो भाग आम्ही केव्हाच काढून टाकला, नवी प्रत उतरवून घे.

१० ऑक्टोबर

धनराजची लाइन सारखी तुटते. आठवडाभर खटपट करून कशीबशी नवी प्रत उतरवली, त्यानं सीडीवर घालून दिली. घरी लावली, तर सरांचं मशीन ती चालवूच शकत नाही. सुरू होतं आणि गोठतं. मग वीज गेली.

संपलं. आपली लायकीच नाही. पावत्या टाकाव्यात गुपचूप.

२२ ऑक्टोबर, दसरा

आईनं माझ्या मशीनलाही झेंडूचा हार घातला. बघवेना. वहिनीनं नवा डबा आणलाय. दादानं रेल्वेचा पास हातात ठेवला आणि म्हणाला, "सोमवारपासून. मी शेठना शब्द दिलाय." किती आनंदात होता! मी नमस्कार केला.

संध्याकाळी ज्योत्स्नाचा फोन. नाव-बिव राहू दे, खोलीत एक गादी रिकामी आहे, आधी ये, कामाचं इथे आल्यावर बघू. दादाला विचारते म्हटलं. ती म्हणाली, "बरं."

२४ ऑक्टोबर

दादा टीव्ही बघत होता. दोनदा जवळ जाऊन तोंड उघडलं. "जेवायला वाढू का?" एवढंच निघालं.

२५ ऑक्टोबर, सोमवार

शिवाजीनगर स्टँड. बूथवरून दादाला फोन केला. पोचले म्हटलं.

"शेठ भेटले का?"

"दादा, मी पुण्याला पोचलेय."

दादा म्हणाला, "कुणाला विचारून?"

"कुणालाच नाही."