विसरून गेलीस

बेडसे,
१९ फेब्रुवारी १९७८

प्रिय बाजीराव,

प्रिय लिहिलंय ते पत्राची सुरुवात तशी करतात म्हणून. त्यातून जास्त अर्थ काढू नकोस. अर्थ काढायची तुझी सवय आता सगळ्या पुण्याला माहीत झाली आहे.

जपानी गाण्यांवरचं तुझं पुस्तक मिळालं. तू पाठवलं नाहीस, मी विकत आणलं. कामशेतच्या शाळेत शिकवून घरी आले तेव्हा आबा अंगणात बसले होते. त्यांच्या हातात दिलं. ते मोठेपणी माझ्याच पाटीवर अक्षरं शिकलेले, त्यामुळे बोट ठेवून एकेक शब्द वाचतात. आधी मुखपृष्ठ वाचलं, मग आतलं पान, मग प्रस्तावना. बराच वेळ गेला. शेवटी म्हणाले, “नंदा, तुजं नाव कुटं हाय?” मी म्हटलं, नाहीये आबा. “मागच्या पानावर आसंल,” म्हणाले आणि पुस्तक उलटं करून पुन्हा बोट ठेवलं. मी आत जाऊन चूल पेटवली. मागच्या पानावर तुझा फोटो आहे, हे मला ठाऊक होतं.

प्रस्तावनेत आपल्या जपानीच्या वर्गातल्या बाईंचे आभार आहेत, प्रकाशकांचे आहेत, तुझ्या बायकोच्या, चंपावहिनींच्या साथीचे आहेत. आणि मग ते वाक्य: “लोणावळ्यातल्या एका दुपारी मला अचानक उमगलं.” मला! बाजीराव, त्या दुपारी उमगलेलं तुझ्या तोंडून आलं होतं की माझ्या?

ती कॅसेटसुद्धा माझी होती. लेणी बघायला आलेल्या त्या जपानी शिक्षिकेला आबांनी पायऱ्या चढून वर नेलं, मी मोडक्यातोडक्या जपानीत बोलले, आणि जाताना तिनं ती माझ्या हातात ठेवली. तीत होती गिटार घेऊन स्वतःची गाणी स्वतःच गाणारी सायोए. आमच्याकडे कॅसेट वाजवायला काही नव्हतं, तुझ्या वडिलांच्या हॉटेलात होतं. म्हणून मी दर मंगळवारी दुपारी लोणावळ्याला यायची. ऑफिसच्या टेबलावर आपण एकेक ओळ दहा-दहादा मागे घेऊन ऐकायचो. तू म्हणायचास, शिकून दोघंही जपानला जाऊ. मी ते खरं धरलं होतं. चूक माझीच म्हण हवं तर.

छत्रीच्या गाण्यापाशी आपण अडलो होतो. ‘छत्री दाराआड राहिली. आता पाऊस नाही, घाई नाही. भात दोघांचाच लावला.’ सबंध गाण्यात ‘मी’ नाही, ‘तू’ नाही. जपानीत चालतं. मराठीत चालत नाही, मराठीत क्रियापद लगेच सांगून टाकतं, बाई की पुरुष. तू लिहिलंस, ‘छत्री विसरून गेलास.’ सोडून गेलेल्या प्रियकराला उद्देशून रडणारी मुलगी. तीन आठवडे आपण तेच धरून बसलो. चौथ्या मंगळवारी मी म्हणाले, ‘गेलास’ नव्हे, ‘गेलीस’. बोलणारी त्याची बायको आहे. तिच्या घरात दुसरीच कुणी येऊन गेलीय, तिची छत्री हिला दाराआड सापडलीय, आणि ही न ओरडता तिला सांगतेय की आम्ही दोघंच जेवतो. तू खुर्चीतून उठलास. “नंदा, हे कसं सुचलं तुला?” म्हणालास आणि वहीत उतरवून घेतलंस.

कसं सुचलं ते तेव्हा सांगितलं नाही. आदल्या मंगळवारी मी निघताना तुझी आई जिन्याशी उभी होती. गोड बोलून म्हणाली, “नंदा, रविवारी इकडे फिरकू नकोस गं. मुलीकडची बघायला येणारेत. कोण काय विचारील, आपल्याला उत्तरं देत बसायला नको.” आमच्या घरच्या भिंतीवर कुणाची तसबीर आहे, आमची जात कोणती, हे त्यांना कळलं तर, असं तिला म्हणायचं होतं. ते तिनं म्हटलं नाही, मीही विचारलं नाही. तू तर रविवारबद्दल अवाक्षर काढलं नाहीस. मंगळवारी तू नेहमीसारखा टेप लावलास, आणि मला त्या गाण्यात तुझी होणारी बायको बोलताना ऐकू आली. माझ्याशी.

तोच अर्थ तू शिष्यवृत्तीच्या निबंधात लिहिलास, जपानहून आल्यावर मासिकातल्या लेखात लिहिलास, आता त्यावर पुस्तकाची अर्धी पानं उभी आहेत. सोबत नेलं नाहीस, लग्नाचं सांगितलं नाहीस, ते मी गिळलं. पण माझं ऐकणं तू नेलंस, ते गिळता आलं नाही.

मासिकातला लेख वाचल्यावर मी त्या जपानी शिक्षिकेमार्फत सायोएबाईंना पत्र लिहिलं. तुझी तक्रार केली नाही. एवढंच विचारलं की त्या गाण्यात कोण कुणाशी बोलतंय. निदान कुणीतरी म्हणावं, नंदा, तू बरोबर ऐकलंस. त्यांचं उत्तर आलं. बोलणारी त्यांची आई आहे. गाणी म्हणायला म्हणून सायोए घरातून शहरात पळून गेल्या, त्या गडबडीत छत्री राहिली. आईवडील दोघंच उरले. “आईनं मला कधी पत्र लिहिलं नाही,” असं त्या लिहितात, “म्हणून तिचं पत्र मीच लिहिलं.” म्हणजे क्रियापद माझं बरोबर निघालं, नातं चुकलं. नवरा नाही, सवत नाही, त्यातलं कुणीच नाही. मी माझं दुःख त्या बाईच्या तोंडी घातलं होतं, आणि तू ते माझं आहे हे न ओळखता तुझ्या नावानं छापलंस. तीनशे प्रतींत.

आता हे पत्र कशाला, ते सांगते. सायोएबाईंचं उत्तर मी मराठीत करून, मूळ पत्राच्या नकलेसह, त्याच मासिकाला पाठवलंय. माझ्या नावानं. मार्चच्या अंकात येतंय. तुला ते परक्याकडून कळू नये, म्हणून लिहिलं. आणि आणखी एक. ते उत्तर मला ऑक्टोबरातच आलं होतं. दिवाळीच्या सुट्टीत तू लोणावळा स्टेशनवर भेटलास, पुस्तक पुढच्या आठवड्यात छापायला जातंय म्हणालास, तेव्हा ते माझ्या पिशवीत होतं. मी “छान” म्हणाले आणि गाडीत चढले. सांगता आलं असतं, बाजीराव. सांगायचं नव्हतं.

एके काळी तुझीच,
नंदा