अक्कांचं लिंग कोणी धरायचं?

६ फेब्रुवारी

अक्का पडल्या! न्हाणीघरात पाय सरकला, खुबा मोडला. मी उचलायला धावले तर कळवळत होत्या, तरी पदर गळ्याशी घट्ट आवळला — शिवाचं इष्टलिंग ज्यात ठेवतात त्या चांदीच्या डबीला, चौक्याला, सुनेचा हात लागू नये म्हणून! राग आला आणि रडूही आलं.

७ फेब्रुवारी

उद्या ऑपरेशन. डॉक्टर म्हणाले, अंगावर काही ठेवायचं नाही. अक्कांनी तोंडावर सांगितलं, "जीव गेला तरी चालंल, भवीच्या हातात लिंग देनार न्हाय." खोलीत भवी म्हणजे मी एकटीच की!

लग्नाला नऊ वर्षं झाली. पहिल्यांदा हा शब्द ऐकला तेव्हा वाटलं, लाडानं म्हणतायत! मग श्रेयसनं सांगितलं — ज्यानं लिंगदीक्षा घेतली नाही तो भवी. जन्ममरणाच्या फेऱ्यात अडकलेला. शिवी नव्हे म्हणे. मग माझ्या हातचं पाणी त्यांच्या पूजेला का चालत नाही? शाहूवाडीला आईला हे अजून बोलले नाही. बोलणारही नाही.

शेवटी ठरलं, लिंग श्रेयस सांभाळेल. लेकच तो. सुटले बाई!

७ तारीख, संध्याकाळ

कुठली सुटते! श्रेयसनं जिन्यात गाठलं. "मी नाही घेऊ शकत." त्याचं लिंग कॉलेजात असतानाच हरवलं. वीस वर्षं रिकामा चौका गळ्यात घालून फिरतोय!

"म्हणजे तूही भवीच की रे!" मी ओरडलेच. नर्स बघायला लागली. तो तिथंच पायरीवर बसून रडला. आईला सांगायचं धाडस नाही, फसवून हातात घ्यायचंही नाही. आणि ऑपरेशन लांबलं तर अक्का पुन्हा चालतील याची खात्री नाही, असं डॉक्टर म्हणतात. काय करू?

८ फेब्रुवारी

उजव्या हातानं लिहितेय, डावी मूठ उघडत नाही.

सकाळी स्ट्रेचर आलं. श्रेयस खाली औषधं आणायला गेलेला. अक्कांनी स्वतःच दोरा गळ्यातून काढला, माझा हात ओढला, चौका तळव्यावर ठेवला.

"अक्का, मी भवी —"

"गप. त्येचा रिकामा हाय, म्हायत हाय मला. तू न्हाय हरवायचीस."